झाडांमागचं पाणी

दुर्बीणवाल्यांना ताटाशेजारची मिठाची वाटी कधी सापडली नाही. बायको बोटानं दाखवायची, ते चाचपडायचे, आणि शेवटी तीच उचलून त्यांच्या हातात द्यायची. पण मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, एकमेकांना घासत पळणाऱ्या घोड्यांच्या घोळक्यात, अमुक जॉकीची टोपी लिंबाच्या रंगाची आहे की हळदीच्या, हे ते बसल्या जागेवरून सांगत. हा माणूस लांबून संसार करायला जन्माला आला होता आणि चुकून माझ्या घरात राहायला आला, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दुर्बीणवाले हसायचे. त्यांना ते बरंचसं खरं वाटायचं.

रेसकोर्सवर शर्यत सुटली की माइकवरून ती सांगायची, हे त्यांचं काम. स्टँडच्या छपरावर एक लाकडी खोली होती, कबुतरांच्या खुराड्याहून थोडी मोठी. लोखंडी शिडीनं वर चढायचं. आत एक खिडकी, एक माइक आणि एक उंच स्टूल. ते स्टूल इतकं कुरकुरायचं की नव्यानं ऐकणाऱ्याला वाटावं, शर्यत चालू असताना कुणीतरी जुन्या घराचं दार उघडतंय. दुपारी तिथे ऊन तिरपं यायचं. खाली हिरवं मैदान, वर पांढुरकं आकाश, आणि मधल्या मध्ये हे, ना जमिनीवर ना हवेत. शर्यत नसली तरी ते वर जाऊन बसत. वारा आला की गवताचा रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बदलत जायचा, आणि त्यांना वाटायचं, न दिसणारं कुणीतरी पळत गेलं.

शर्यतीच्या सकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रंगीत पेन्सिली घेऊन बसत. प्रत्येक मालकाच्या जॉकीच्या सदऱ्याचा रंग ठरलेला. तो पुठ्ठ्यावर काढायचा, खाली घोड्याचं नाव लिहायचं, आणि मग दाढी करताना, मोजे शोधताना, बसमध्ये, सगळीकडे त्याचा जप. सावकाश. काळजी नको. मावशीचा लाडका. उद्या बघू. बायकोनं भिंतीवरची फळी ठोकायची आठवण केली की मोरीतून उत्तर यायचं, उद्या बघू. हा घोडा बोलला की नवरा, ते तिला कळायचं नाही. फळी मात्र अजून ठोकायचीच आहे.

संध्याकाळी शर्यती संपल्या की ही नावं डोक्यातून पुसावी लागत. नाहीतर पुढच्या खेपेला भलताच घोडा तोंडातून निघून जायचा. एकदा तसं झालंही. केव्हाच म्हातारा होऊन कुरणात चरत असलेला एक घोडा दुर्बीणवाल्यांनी भर शर्यतीत दुसऱ्या नंबरावर आणून सोडला. सदऱ्याचा रंग तोच, डोक्यातलं नाव जुनं. त्या घोड्यावर कुणीही पैसे लावलेले नसताना स्टँडमधल्या चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुर्बीणवाल्यांचे कान लाल झाले, पण मनातून त्यांना जरा बरंच वाटलं.

हे काम त्यांना आधीच्या समालोचकानं शिकवलं. त्या म्हाताऱ्याला सगळे गुरुजी म्हणत. शिकवलं म्हणजे काय, तर एकच गोष्ट सांगितली. मैदानाच्या पलीकडच्या वळणावर जुन्या झाडांचा एक दाट पुंजका होता. घोडे त्याच्यामागे गेले की स्टँडमधून दिसेनासे व्हायचे, काही श्वासांपुरते. झाडं तोडायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी राहून जायचं.

"तिथे गप्प बसायचं," गुरुजी म्हणाले. "जे दिसत नाही ते बोलायचं नाही. लोकांचे पैसे लागलेले असतात."

दुर्बीणवाल्यांनी ते आयुष्यभर पाळलं. घोडे झाडांमागे गेले की माइकवरचा आवाज थांबायचा. माइक बंद करायची सोय नव्हती, बटण इतकं जुनं होतं की एकदा बंद केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. त्यामुळे कर्ण्यांतून यायचा तो त्यांचा श्वास आणि स्टुलाची कुरकुर. स्टँडमधली सगळी माणसं गप्प. हरलेले, जिंकू पाहणारे, नुसतेच बायकोचा डोळा चुकवून आलेले, सगळे त्या झाडांकडे बघत असायचे. दुर्बीणवाल्यांना वाटायचं, आपलं खरं काम एवढंच आहे. बाकीची बडबड कुणीही करेल.

त्यांची लेक लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर त्या खोलीत यायची. खाली पाय पसरून बसायची आणि वडिलांच्या रंगीत पेन्सिलींनी घोडे काढायची. झाडांमागे घोडे काय करतात, हा तिचा ठरलेला प्रश्न. खरं सांगायचं तर दुर्बीणवाल्यांनाही ते माहीत नव्हतं. मैदान ओलांडून तिकडे जायला कितीसा वेळ लागला असता, पण ते कधी गेले नाहीत. ते लेकीला सांगत, तिथे पाणी आहे. घोडे तिथे थांबतात, पाणी पितात, आज कुणी जिंकायचं ते आपापसात ठरवतात, आणि मग आपण थांबलोच नव्हतो असं दाखवत पुन्हा पळत बाहेर येतात. मग सावकाश कधीच का जिंकत नाही, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की तो सगळ्यांत शेवटी पितो आणि पोटभर पितो.

एकदा मोठ्या शर्यतीच्या दिवशी घोडे झाडांमागे गेले, आवाज थांबला, सगळं मैदान चिडीचूप झालं, आणि कर्ण्यांतून एका लहान मुलीचा आवाज आला.

"बाबा, पाणी प्यायला गेले का?"

आधी कुणाला काही कळलं नाही. मग सगळा स्टँड हसला. घोडे बाहेर आले तेव्हा दुर्बीणवाल्यांचा आवाज असा फुटला होता की पहिला कोण, हेच त्यांना नीट सांगता येईना. व्यवस्थापकांनी त्यांना बोलावून चांगलं फैलावर घेतलं. पण त्या दिवसापासून नेहमीच्या लोकांत ती म्हणच पडून गेली. घोडे झाडांमागे गेले की स्टँडमधून कुणीतरी हळूच म्हणायचं, गेले पाणी प्यायला.

आता हा सगळा डोलारा चालायचा कशावर, तर पैजांवर. लोक घोड्यावर पैसे लावणार, त्यातला थोडा हिस्सा मैदानाला मिळणार, त्यातून गवत, चारा, नालबंदाची मजुरी, मोतद्दारांचे पगार आणि छपरावरच्या खोलीतला माणूस. लोकांच्या हरण्यावर आपलं घर चालतं हे दुर्बीणवाल्यांना ठाऊक होतं. शर्यत संपल्यावर फाटक्या तिकिटांमधून चालत जाणारी माणसं ते वरून बघायचे तेव्हा दुर्बीण खाली ठेवायचे. स्वतः त्यांनी कधी पैज लावली नाही आणि पैजेच्या दुकानाची पायरीही चढली नाही. समालोचकानं तिथे जायचं नसतं, असा रिवाजच होता.

मग पैजा फोनमध्ये शिरल्या. स्टँड रिकामे होत गेले. आधी वरच्या पायऱ्या, मग कोपरे, मग मधलीही माणसं. आणि त्या फोनमध्ये, पैजेच्या दुकानांतल्या पडद्यांवरही, एक नवीनच प्रकार निघाला, नसलेल्या घोड्यांच्या शर्यती. पडद्यावर काढलेलं मैदान, काढलेले घोडे, निकाल यंत्र ठरवणार. त्या घोड्यांना चारा नको, नाल नको, पाऊस पडला म्हणून शर्यत रद्द नाही, एक संपली की लगेच दुसरी. लोक त्यांच्यावरही तितकेच पैसे लावायला लागले. खऱ्या घोड्यांच्या तोंडात मारतील असे!

ते घोडे काढणाऱ्या कंपनीत दुर्बीणवाल्यांची लेक नोकरीला लागली. घोड्याची मान पळताना कशी हलते, हे तिच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं. ते कळणारच, बालपण कुठे गेलं होतं तिचं! ती आनंदानं सांगायला घरी आली, आणि ज्या माणसानं जन्मभर तोंडावर ताबा ठेवण्याचा पगार घेतला, त्याचा तोंडावरचा ताबा नेमका तेव्हा सुटला.

"खऱ्या घोड्यांना घालायला चारा नाही," ते म्हणाले, "आणि तू खोटे पाळायला निघालीस."

लेक चहा पूर्ण प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली. तेव्हापासून बापलेकीत बोलणं व्हायचं ते हवेचं आणि आईच्या गुडघ्याचं. दोघंही मऊ आवाजात बोलायची, आणि बायको म्हणायची, त्यापेक्षा भांडा तरी.

असं चाललेलं असताना एके दिवशी व्यवस्थापकांनी दुर्बीणवाल्यांना खाली बोलावून घेतलं. हे नवीन व्यवस्थापक, फार गोड बोलणारे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बरंच गोल गोल फिरल्यावर घोडं कुठे अडलंय ते सांगितलं. पैजांतून येणाऱ्या हिश्श्यावर आता मैदान चालणार नाही. या मोसमानंतर कुलूप लागेल. मात्र ते नसलेले घोडे काढणारी, लेकीची कंपनी पुढची काही वर्षं खर्च उचलायला तयार आहे. शर्यतींचे दिवस कमी होतील, पण होतील. बदल्यात त्यांना एक गोष्ट हवी आहे, दुर्बीणवाल्यांचा आवाज. एकदा सगळे शब्द बोलून द्यायचे, मग यंत्र त्यांची जुळणी करून नसलेल्या घोड्यांच्या शर्यती सांगत राहील.

दुर्बीणवाले विचार करून सांगतो म्हणाले आणि शिडी चढून वर जाऊन बसले. त्यांना आवाजाचं एवढं काही नव्हतं. आवाज काय, सर्दीनंही जातो. पण जे दिसत नाही ते बोलायचं नाही, या एका वाक्यावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. आता तर सगळंच न दिसलेलं बोलायचं. आणि नाही म्हणावं, तर खाली तबेल्यात मोतद्दार घोड्यांची पाठ घासत गात होता, त्याचं गाणं त्यांना इथवर ऐकू येत होतं.

सुट्टीच्या दिवशी लेक आली. आई मुद्दाम बाहेर जाऊन बसली. लेकीनं बराच वेळ टेबलावरच्या रंगीत पेन्सिली लांबीनुसार लावल्या, मग मोडल्या, मग पुन्हा लावल्या.

"तुमचं नाव मी सुचवलेलं नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण मैदान बंद झाल्यावर तुम्ही रोज बघणार कुठे, तेवढं मला सांगा."

दुर्बीणवाले उठले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर धुकं होतं. शर्यत नव्हती, कुणी नव्हतं. दुर्बीणवाले शिडीकडे न वळता कठड्याखालून वाकून गवतावर आले आणि चालत सुटले. मागचा स्टँड धुक्यात विरला, पुढची झाडं अजून दिसत नव्हती. आपण जागे आहोत की नाही, याची त्यांनाच खात्री वाटेना. बूट ओले झाले, तेव्हा वाटली. झाडं आली. ती लांबून दिसत त्यापेक्षा खूप मोठी होती आणि त्यांच्या पानांतून थेंब पडत होते. दुर्बीणवाले जरा घुटमळले. मग आयुष्यात पहिल्यांदाच झाडांच्या मागे गेले.

तिथे काही नव्हतं. वळण, कठडा, उखडलेलं गवत. आणि कठड्याच्या आतल्या बाजूला माळ्याचा एक नळ. नळ गळत होता. बरीच वर्षं गळत असावा, कारण त्याच्याखाली खळगा पडून तळं झालं होतं, चांगलं दोन हात रुंद, काठावर शेवाळ, वर आकाशाचा एक तुकडा. तळ्याच्या कडेला चिखलात नाल ठोकलेल्या खुरांचे ठसे होते. एकाचे नाहीत, बऱ्याच घोड्यांचे. सकाळी सरावाला आणलेले घोडे मोतद्दार इथे थांबवत असणार, हे दुर्बीणवाल्यांना कळत होतं. कळूनही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माळी हातगाडी ढकलत आला. यांना तिथे बघून चपापला, आणि नळाची तक्रार आलीय असं समजून आधीच सांगू लागला की त्यानं कितीदा कळवलंय, दुरुस्तीला पैसे नाहीत हेच दरवेळी ऐकायला मिळतं. दुर्बीणवाले म्हणाले, असू दे, छान आहे. माळ्याला वाटलं, मोठी माणसं आता टोमणेही गोडीत मारायला लागली.

त्याच दुपारी त्यांनी व्यवस्थापकांना होकार कळवला. मग लेकीला फोन केला. होकाराचं एका वाक्यात उरकलं आणि तळ्याचं सांगत बसले. लेकीनं खुरांच्या ठशांचं त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं.

ध्वनिमुद्रणाची खोली मऊ भिंतींची, आवाज जागच्या जागी विरून जाणारी. स्टूल मात्र दुर्बीणवाल्यांनी छपरावरच्या खोलीतलं आपलंच आणवलं होतं, त्याशिवाय आवाज लागत नाही म्हणून. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक आणि त्याच्या शेजारी लेक. आणि सुटले. आघाडीला. बाहेरच्या बाजूनं जोर धरतोय. कानाच्या अंतरानं जिंकला. नावंसुद्धा यंत्रानं बनवलेली, सोनेरी वादळ, रुपेरी वादळ, निळं वादळ. एकाही घोड्याला कुणाच्या मावशीनं जीव लावलेला नव्हता. प्रत्येक शब्द चढ्या आवाजात, मग उतरत्या, मग श्वास लागलेला. दुर्बीणवाले डोळे मिटून बोलत राहिले. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्यांनी म्हातारे घोडे पळवले, पुसायचे राहून गेलेले सगळे.

सगळं झाल्यावर ध्वनिमुद्रकानं हात वर केला.

"आता काही बोलू नका. नुसते बसा. खोलीची शांतता घ्यायची असते, जोडकामाला लागते."

दुर्बीणवाल्यांना हे अजबच वाटलं. शांतताही घेतात? पण बसण्यात ते मुरलेले होते. ते बसले, आणि बसताक्षणी घोडे झाडांमागे गेले. श्वास आपोआप धरला गेला. स्टूल जरासं कुरकुरलं. ध्वनिमुद्रकानं पुरे म्हणून मान हलवली, तेव्हा लेक त्याच्याकडे झुकून काहीतरी बोलली. त्यानं खांदे उडवले आणि सांगितलं, पुन्हा एकदा, जरा जास्त वेळ.

कंपनीचे पैसे आले. तबेल्याच्या छपरावर नवे पत्रे चढले, मोतद्दारांचे अडकलेले पगार झाले. शर्यतींचे दिवस निम्म्यावर आले, पण लाकडी खोलीचं कुलूप दर मोसमात उघडत राहिलं. माळ्यानं एकदा स्टँडखाली गाठून आनंदाची बातमी दिली की नळ एकदाचा दुरुस्त झाला. तळं आठवड्याभरात आटलं, आता तिथे गवत धरतंय. दुर्बीणवाल्यांनी चांगलं झालं म्हणून सांगितलं. त्या दिवशी घोडे झाडांमागे गेले तेव्हा शांतता नेहमीसारखीच पडली. मात्र ती पाळणारी माणसं स्टँडमध्ये मोजकीच उरली होती, आणि कुणीच हळूच काही म्हणालं नाही.

पुढे लेकीचा फोन आला. हवेचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं, आणि मग ती म्हणाली की बाबा, जमलं तर एकदा पैजेच्या दुकानात जाऊन या. का, ते सांगितलं नाही. तिच्या वरिष्ठांशी बरंच वाजलं होतं, एवढंच कळलं.

रिवाज मोडायचा म्हणजे दुर्बीणवाल्यांना जिवावर आलं. तरी ते गेले. मोठ्या रस्त्यावरचं काचेच्या दाराचं दुकान, भिंतीभर पडदे, जमिनीला पाय ठोकलेल्या खुर्च्या. काउंटरमागे एक बाई स्वेटर विणत बसलेली. चारपाच माणसं माना वर करून बघत होती. दुर्बीणवाले शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसले. शेजारी एक माणूस भाजीची पिशवी पायांत धरून बसला होता.

आणि सुटले, पडद्यावरून त्यांचाच आवाज म्हणाला. दुर्बीणवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कधी न पाहिलेल्या घोड्यांचं आपण केवढं कौतुक करतोय! सोनेरी वादळ आघाडीला होतं, निळं वादळ बाहेरून जोर धरत होतं. घोड्यांच्या माना मात्र खऱ्यासारख्या हलत होत्या, हे त्यांना मान्य करावं लागलं. वळण जवळ आलं. वळणावर झाडं होती. पुंजका तोच, डावीकडचं झाड वाकलेलं, मधलं उंच.

घोडे त्याच्यामागे गेले. आवाज थांबला.

सगळं दुकान गप्प झालं. विणणाऱ्या सुया थांबल्या. त्या शांततेत एका माणसाचा धरलेला श्वास होता आणि अगदी बारीक, जुन्या घराचं दार उघडावं तशी, एक कुरकुर. दुर्बीणवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. आपली लेक आपल्याला इतकं ओळखते, हे त्यांना माहीत नव्हतं.

शेजारचा माणूस चुळबुळला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग काउंटरकडे वळून हाक मारली.

"ताई, हे बंद पडलं वाटतं."

"बंद नाही पडलं," दुर्बीणवाले हळूच म्हणाले. "पाणी प्यायला गेलेत. येतील."

माणसानं एकवार त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पिशवी मांडीवर घेतली आणि तोही झाडांकडे बघत बसला.